आधी खुराडे, मग पिल्ले

प्रति,
मा. संपादक,
स. न. वि. वि.

विषय : परसातील कोंबडीपालन सुरू करणाऱ्या कुटुंबांची पूर्वतयारी आणि गावपातळीवरील लसीकरण.

परसातील कोंबडीपालनाविषयी आपल्या दैनिकात अधूनमधून येणारा मजकूर मी आवर्जून वाचते. त्यात जातींची नावे, अंड्यांचे भाव आणि अनुदानाची टक्केवारी व्यवस्थित दिलेली असते. परंतु पिल्ले घरी येण्याच्या आधी काय काय झालेले असले पाहिजे, याविषयी फारसे लिहिले जात नाही. पलूस तालुक्यातील आमच्या मळ्यावर ऊस, थोडी द्राक्षबाग आणि दोन दुभती जनावरे आहेत. त्यांच्या जोडीला आम्ही कोंबड्यांचा पहिलाच लहानसा गट वाढवला असून तो आता अंड्यांवर आला आहे. त्या अनुभवातून माझे जे ठाम मत झाले आहे, ते सांगली आणि सातारा या दोन्ही जिल्ह्यांतील वाचकांपुढे आणि पशुसंवर्धन विभागापुढे यावे, यासाठी हे पत्र लिहीत आहे. खुराडे आणि लसीची सोय या दोन गोष्टी हाताशी आल्याखेरीज कोणत्याही कुटुंबाने पिल्ले आणू नयेत, आणि शासनानेही ती देऊ नयेत, एवढेच माझे म्हणणे आहे.

आज घडते ते याच्या नेमके उलटे. आठवडी बाजारात दुरडीत किंवा पिंजऱ्यात पिल्ले विकायला येतात. त्यांतली काही गुलाबी, हिरव्या रंगात बुडवलेली असतात, आणि लेकरांनी हट्ट धरला म्हणून पाच-दहा पिल्ले पिशवीत घालून घरी आणली जातात. अशी रंगवलेली पिल्ले बहुधा अंड्यांच्या जातीतील नर असतात. उबवणी केंद्रांना त्यांचा उपयोग नसतो, म्हणून ती स्वस्तात बाहेर पडतात. त्यांच्यापासून अंडी मिळणार नाहीत, आणि मांस म्हणावे तर तेही ब्रॉयलरसारखे भरत नाही. गावठी म्हणून विकलेले पिल्लू खरोखर गावठी आहे की नाही, हे एक-दोन दिवसांच्या वयात ओळखणे जाणकारालाही अवघड असते. दुसरा मार्ग जिल्हा परिषदेच्या एकात्मिक कुक्कुट विकास योजनेचा. त्यात ५० टक्के अनुदानावर एक दिवसाची १०० पिल्ले, किंवा आठ ते दहा आठवड्यांच्या २५ तलंगा, म्हणजे अजून अंड्यांवर न आलेल्या तरुण कोंबड्या, आणि ३ नर असा गट मिळतो. योजना चांगलीच आहे. परंतु ज्या घरात यापूर्वी कधी दहा पिल्लेही वाढलेली नाहीत, तिथे एक दिवसाची १०० पिल्ले एकदम उतरली, तर पहिल्या दोन आठवड्यांतच त्यांची काय दशा होते, हे खेड्यात राहणाऱ्याला सांगावे लागत नाही.

आपल्या भागाने याबाबतीत एक मोठा धडाही घेतलेला आहे. कडकनाथ ही मध्य प्रदेशातील झाबुआची जात उत्तम आहे आणि २०१८ मध्ये तिला भौगोलिक मानांकनही मिळाले. पण तिच्याच नावाखाली शेतकऱ्यांकडून गुंतवणूक घेतल्याचे फसवणुकीचे प्रकरण २०१९ मध्ये सांगली जिल्ह्यात उघडकीस आले, तेव्हा कित्येक घरांचे पैसे अडकले. त्या साऱ्या व्यवहारात बोलणे पिल्लांपासून सुरू होई आणि परताव्यापाशी संपे. घरच्या खाण्यापुरती अंडी आणि हातखर्चाला चार पैसे एवढ्याच अपेक्षेने कोंबड्या पाळणाऱ्या कुटुंबाने सुरुवात वेगळ्या ठिकाणाहून करावी, म्हणून मी खुराड्याविषयी थोडे सविस्तर लिहिते.

नवख्याने दहा-बाराच पक्षी ठेवावेत. एका मोठ्या पक्ष्याला रात्रीच्या निवाऱ्यासाठी सुमारे दोन चौरस फूट जागा लागते, म्हणजे बारा पक्ष्यांना सहा फूट लांब आणि चार फूट रुंद खुराडे पुरते. दिवसा कोंबड्या परसात, गोठ्याच्या आजूबाजूला आणि बांधावर चरणार असल्याने याहून मोठ्या बांधकामाची गरज नाही. खुराडे जमिनीपासून दोन-अडीच फूट उंचीवर, भक्कम पायांवर असावे. त्यामुळे खालून वारा खेळतो, ओल चढत नाही आणि खाली पडलेली विष्ठा ओढून काढता येते. पायांखाली पाणी भरलेली जुनी पत्र्याची डबडी ठेवली, तर मुंग्या वर चढत नाहीत. लहान पिल्लांना मुंग्या लागणे हा किरकोळ त्रास नव्हे, त्यात पिल्ले मरतात. लांब बाजू पूर्व-पश्चिम ठेवावी, म्हणजे सकाळ-संध्याकाळचे तिरपे ऊन थेट आत घुसत नाही आणि उत्तर-दक्षिणेच्या जाळीतून हवा आरपार जाते. आपल्याकडे पावसाचा मारा पश्चिमेकडून आणि नैर्ऋत्येकडून येतो. त्यामुळे पश्चिमेची आखूड बाजू फळीने पूर्ण बंद करावी आणि दक्षिणेच्या जाळीवर गुंडाळून ठेवता येईल असा पोत्याचा पडदा असावा. पाटण, जावळी किंवा महाबळेश्वरच्या बाजूला जिथे पाऊस महिनोन्महिने थांबत नाही, तिथे छपराची वळचण निदान दोन फूट पुढे काढावी लागेल. उलट माण, खटाव, जत आणि आटपाडीकडे पावसापेक्षा चैत्र-वैशाखाच्या उन्हाचा विचार आधी करायला हवा. पत्र्याचे छप्पर टिकाऊ खरे, पण एप्रिल-मेमध्ये त्याखाली कोंबड्या चोच उघडी टाकून धापा टाकतात. पत्र्यावर उसाच्या पाचटाचा जाड थर अंथरून दोरीने बांधला की आतील उष्णता पुष्कळ कमी होते, आणि ऊसपट्ट्यात पाचट विकत आणावे लागत नाही.

जाळीच्या बाबतीत काटकसर करू नये, असे मी कळकळीने सांगते. बाजारात षटकोनी भोकांची जी पातळ कोंबडीजाळी मिळते, ती कोंबडीला आत ठेवण्यापुरती ठीक आहे, पण बाहेरच्याला बाहेर ठेवण्याचे बळ तिच्यात नाही. मळ्यावर मुंगूस, रानमांजर, उदमांजर आणि मोकाट कुत्री सगळीच असतात. कुत्रा पातळ जाळी ओढून फाडतो, मुंगूस नखभर फटीला तोंड लावून ती वाढवते, आणि घूस जमिनीवरच्या खुराड्याला खालून बीळ पाडते. अर्ध्या इंची चौकोनी वेल्डमेश जाळी महाग पडते. पण साप आणि उंदीर यांनाही ती बहुतांशी अडवते आणि वर्षानुवर्षे टिकते. खुराडे जमिनीवरच बांधायचे असेल, तर हीच जाळी भिंतीलगत फूटभर खोल पुरावी. दाराला नुसता आडणा न लावता कडी-कोयंडा लावावा आणि दार चौकटीत घट्ट बसते ना, हे हाताने ढकलून पाहावे. कोंबड्या दिवसा घारीने उचलल्या तर आरडाओरडा होतो आणि माणूस धावते. रात्री मुंगूस शिरले तर सकाळपर्यंत कोणाला पत्ता लागत नाही, आणि ते एक पक्षी मारून थांबत नाही.

आत झोपण्यासाठी दांड्या लागतात. कोंबडी जमिनीवर झोपायला नाखूश असते. पंजात पकडता येईल अशी, दीड-दोन इंच जाडीची, कडा घासून गोल केलेली लाकडी दांडी तिला हवी असते. प्रत्येक पक्ष्याला आठ-नऊ इंच जागा धरली, तर सहा फुटी दोन दांड्यांवर बारा पक्षी सुखाने बसतात. अंडी घालण्यासाठी चार-पाच कोंबड्यांमागे एक याप्रमाणे फूटभर लांबी-रुंदी-उंचीची खोकी थोड्या अंधाऱ्या कोपऱ्यात ठेवावीत. ही खोकी झोपण्याच्या दांड्यांपेक्षा खाली असली पाहिजेत. कोंबड्या सर्वांत उंच जागा शोधून झोपतात आणि खोकी उंचावर असली, तर रात्रभर त्यांतच बसून ती घाण करतात, मग सकाळची अंडी त्याच घाणीत पडतात. लाकडाच्या भेगा चुन्याने भरून वर्षातून दोनदा सगळे खुराडे चुन्याने रंगवावे. कोंबड्यांचे रक्त पिणारी गोचीड दिवसा या भेगांत दडून बसते आणि फक्त रात्री बाहेर पडते. त्यामुळे दिवसा कोंबडी तपासून काहीच सापडत नाही, आणि पक्षी मात्र झुरत जातो. परसात एका आडोशाला चुलीची चाळलेली राख आणि कोरडी माती टाकून ठेवली, तर कोंबड्या तीत लोळून उवा-पिसवांचा बंदोबस्त बऱ्याच प्रमाणात स्वतःच करतात.

खुराडे उभे राहिले तरी एक दिवसाचे पिल्लू त्यात थेट सोडता येत नाही. पिल्लांना स्वतःच्या अंगची ऊब धरून ठेवता येत नाही, कारण त्यांच्या अंगावर लव असते, पिसे नसतात. पहिल्या आठवड्यात त्यांना सुमारे ३५ अंश सेल्सिअस ऊब लागते आणि पुढे दर आठवड्याला ती तीन-एक अंशांनी कमी करत न्यायची असते. पत्र्याचे किंवा पुठ्ठ्याचे गोल कडे करून त्यात भाताच्या तुसाचा दोन-तीन इंचांचा थर द्यावा, पहिले दोन-तीन दिवस त्यावर वर्तमानपत्राचा कागद अंथरून मक्याचा बारीक भरडा पसरावा आणि मधोमध दिवा टांगावा. कडे गोलच हवे, कारण चौकोनी खोक्याच्या कोपऱ्यात पिल्ले एकावर एक चढून गुदमरतात. दिवा मात्र जुन्या तारेचा पिवळा बल्ब हवा. आता घरोघरी एलईडी दिवे आले आहेत; ते उजेड देतात, ऊब देत नाहीत, आणि दिवा चालू असूनही पिल्ले गारठून गेली असे ऐकू येते, तेव्हा पुष्कळदा कारण हेच असते.

ऊब बरोबर आहे की नाही, हे तापमापकाशिवायही पिल्लांकडे पाहून कळते. दिव्याच्या बरोबर खाली ती ढीग करून चिवचिवाट करत असतील, तर दिवा खाली घ्यावा. दिव्यापासून दूर, कड्याला चिकटून, पंख सोडून, चोच उघडी ठेवून बसली असतील, तर वर उचलावा. कड्यात सगळीकडे सारखी पांगून काही खात, काही पाय पसरून झोपलेली दिसली, की दिवा जागेवर आहे असे समजावे. माझ्या सासूबाई रात्री झोपण्यापूर्वी एकेक पिल्लू ओंजळीत घेऊन त्याच्या गळ्याखालची दाण्याची पिशवी अंगठ्याने हलकेच चाचपतात. ती भरलेली आणि मऊ लागली तर पिल्लू खाऊन-पिऊन झोपले आहे. रिकामी लागली तर त्याला पाणी किंवा दाणा सापडलेला नाही. आणि खड्यासारखी कडक लागली तर त्याने दाणा खाल्ला आहे पण पाणी प्यायलेले नाही. त्याच वेळी पिल्लू उलटे करून त्याची मागची बाजूही पाहतात. तिथे विष्ठा वाळून चिकटली असेल तर कोमट पाण्याच्या बोळ्याने ती सोडवावी लागते, नाही तर मार्ग बंद होऊन पिल्लू दगावते. प्रवासातून आलेल्या पिल्लाची चोच आधी गुळाच्या पाण्यात बुडवावी आणि दाणा त्यानंतर द्यावा, ही पद्धतही जुन्या बायकांना पाठ आहे. उबवणी केंद्राच्या माहितीपत्रकांतही हेच असते. परंतु पत्रक आणि पिल्ले एकाच वेळी घरात आली, तर ते वाचायला सवड कोणाला असणार? म्हणूनच ज्यांना हा पहिला महिना निभावण्याची खात्री नाही, त्यांनी योजनेत तलंगांचा पर्याय घ्यावा, असे मी सुचवेन. आठ-दहा आठवड्यांच्या पक्ष्याला पिसे आलेली असतात आणि तो थेट खुराड्यात राहू शकतो. पक्षी नवीन जागी आल्यावर त्यांना चार-पाच दिवस खुराड्यातच दाणा-पाणी द्यावे आणि मगच मोकळे सोडावे. तेवढ्यात ती जागा त्यांच्या अंगवळणी पडते, आणि दिवेलागणीला मूठभर ज्वारी टाकून हाक मारली की ते आपणहून आत येतात.

जातींविषयी आधीच पुष्कळ लिहिले गेले असल्याने मी थोडक्यात सांगते. बेंगळुरूच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात तयार झालेली गिरिराज, आणि हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संचालनालयाने तयार केलेल्या वनराज व ग्रामप्रिया या जाती परसात गावठी कोंबडीपेक्षा दुपटीच्या आसपास किंवा अधिक अंडी देतात, मात्र त्या सहसा खुडूक होत नाहीत, म्हणजे अंडी उबवायला बसत नाहीत. पुढची पिल्ले घरीच काढायची असतील, तर एक-दोन गावठी कोंबड्या ठेवाव्यात. खुडूक झालेली गावठी कोंबडी दहा-बारा अंडी पोटाखाली घेऊन एकविसाव्या दिवशी पिल्ले काढते आणि दिव्याची, ऊब मोजण्याची सारी जबाबदारी तिचीच होते. कोंबड्याशिवाय कोंबडी अंडी देत नाही, हा समज अजूनही आहे. अंडी मिळण्यासाठी कोंबड्याची गरज नसते, ती उबवायची असतील तरच असते, आणि आठ-दहा कोंबड्यांना एक कोंबडा पुरे होतो.

खाद्याचेही तसेच. चरून येणाऱ्या कोंबडीला वरचे ३० ते ५० ग्रॅम धान्य आणि अंड्यांवर आल्यावर शिंपल्याचा चुरा एवढे बहुधा भागते. दोन गोष्टी मात्र कटाक्षाने टाळाव्यात. बुरशी लागलेला मका किंवा शेंगदाणा पेंड ‘कोंबड्यांना चालेल’ म्हणून बाजूला काढून ठेवू नये, कारण त्या बुरशीतील विष कोंबडीच्या यकृतावर जाते. आणि द्राक्षपट्ट्यातील मंडळींनी छाटणीनंतरच्या फवारणीच्या काळात कोंबड्या बागेत सोडू नयेत. वेलीखाली मरून पडलेले किडे त्या आनंदाने वेचतात आणि औषध त्यांच्या पोटात जाते. त्या दिवसांत त्यांना खुराड्याला जोडलेल्या जाळीच्या अंगणातच ठेवलेले बरे.

आता लसीकरणाकडे वळते, कारण हे पत्र लिहिण्याचे मुख्य कारण तेच आहे. परसातील कोंबड्या सर्वांत जास्त दगावतात त्या राणीखेत रोगाने. आपल्याकडे त्याला मानमोडी म्हणतात, कारण लागण झालेला पक्षी मान पिळवटून गोल फिरू लागतो. हा रोग एकदा वस्तीत शिरला, की एका आठवड्यात घरोघरची खुराडी रिकामी होतात, आणि लागण झाल्यावर त्यावर उपचार नाही. लस मात्र आहे, जुनी आहे आणि स्वस्त आहे. पिल्लू पाच ते सात दिवसांचे असताना लासोटा लसीचा एक थेंब डोळ्यात किंवा नाकात, चौथ्या-पाचव्या आठवड्यात पुन्हा एकदा तीच लस, आणि आठव्या आठवड्याच्या सुमारास पंखाखाली आर-टू-बी लसीचे इंजेक्शन, एवढ्यावर मानमोडीपासून चांगले संरक्षण मिळते. सहा-सात आठवड्यांच्या सुमारास देवीची लसही टोचून घ्यावी.

अडचण लसीच्या कुपीची आहे. या लसींच्या कुप्या १०० मात्रांपासून पुढे, बहुतेक तर २००, ५०० किंवा १,००० मात्रांच्या मिळतात. लस २ ते ८ अंशांवर थंड ठेवावी लागते, आणि कुपी फोडून द्रावण कालवले की ते दीड-दोन तासांत संपवावे लागते, उरलेले टाकूनच द्यावे लागते. हजारोंचे शेड असणाऱ्याला यात काहीच अडचण नाही. ज्या बाईकडे बारा कोंबड्या आहेत, तिने मात्र तालुक्याच्या गावी जाऊन बर्फाच्या डब्यातून कुपी आणायची, बारा थेंब वापरायचे आणि बाकीचे ओतून द्यायचे. हे एखादी करीलही, पण गावभर कोणी करणार नाही. एका घराने केले आणि शेजारच्या घराने केले नाही, तर त्याचा उपयोगही अर्धाच, कारण कोंबड्या बांध ओळखत नाहीत.

यावर उपाय खर्चिक नाही. प्रत्येक गावात किंवा मोठ्या वस्तीत महिन्यातला एक ठरलेला दिवस कोंबड्यांच्या लसीकरणाचा असावा, आणि त्याची तारीख ग्रामपंचायतीच्या फलकावर वर्षाच्या सुरुवातीलाच लागावी. एक कुपी, एक थर्मोकोलचा बर्फाचा डबा आणि एक शिकवलेले माणूस एवढ्यात शंभर-दोनशे पक्षी तासाभरात होतात. पशुवैद्यकीय दवाखान्यांतील मनुष्यबळ अपुरे आहे, हे आम्हांला दिसते आणि त्याबद्दल तक्रार करण्याचा माझा हेतू नाही. परंतु महिला बचत गटांच्या उमेद अभियानातून गावोगावी पशुसखी, म्हणजे जनावरांच्या देखभालीचे शिक्षण घेतलेल्या गावातल्याच महिला, तयार झालेल्या आहेत. पशुधन पर्यवेक्षकांच्या देखरेखीखाली डोळ्यात थेंब टाकण्याचे काम त्या सहज करू शकतील आणि घराघरांत त्यांची ऊठबसही असते.

इथे खुराड्याचा प्रश्न पुन्हा पुढे येतो. आजवर जिथे कुठे अशी मोहीम निघाली, तिथे निम्म्या कोंबड्या हातीच लागत नाहीत, असा अनुभव आहे. कारण त्या रात्री चिंचेवर, शेवग्यावर किंवा गोठ्याच्या आढ्यावर बसतात आणि दिवसा रानात पांगलेल्या असतात. दिवसभर पाठलाग करून पकडलेला, धापा टाकणारा पक्षी लसीसाठी योग्यही नसतो. ज्या घरी खुराडे आहे, तिथे पहाटे दार उघडण्यापूर्वी किंवा दिवेलागणीनंतर बारा पक्षी पाच मिनिटांत हातात येतात. ज्या कुटुंबाला पिल्ले द्यायची, त्याचे खुराडे आधी पाहावे, ही अट योजनेत घालण्याची विनंती मी त्याचसाठी करत आहे. ही अट गरिबांना बाहेर ठेवण्यासाठी नको. अनुदानातील काही भाग पिल्लांच्या आधी खुराड्याच्या जाळीसाठी द्यावा, म्हणजे भूमिहीन बाईलाही बांबूच्या कामट्या, जुने वासे आणि विकतची फक्त जाळी एवढ्यात ते उभारता येईल.

लसीकरणाच्या दिवशी कोणाकडे किती पक्षी आहेत, याची नोंद वहीत होईल, आणि कृष्णाकाठच्या आम्हां लोकांना या नोंदीचे मोल वेगळे सांगायला नको. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीच्या आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेले, तेव्हा माणसे आणि मोठी जनावरे हलवण्यातच सगळ्यांचे बळ संपले. जुलै २०२१ मध्ये पुन्हा तीच वेळ आली. पुरात वाहून गेलेल्या गाई-म्हशींचे पंचनामे झाले, पण परसातील कोंबड्यांची मोजदाद कोण कशावरून करणार? २०२२ पासूनच्या आपत्ती मदतीच्या निकषांत प्रति पक्षी १०० रुपये आणि एका कुटुंबाला जास्तीत जास्त १०,००० रुपये अशी तरतूद आहे. रक्कम लहान असली, तरी ती मिळवण्यासाठी आधी तेवढे पक्षी होते हे दाखवावे लागते, आणि लसीकरणाच्या वहीशिवाय दुसरा पुरावा लहान कुटुंबाकडे नसतो. पूररेषेतील घरांनी खुराडे पायांवर, पण सुटे आणि चार माणसांना उचलता येईल असे करावे, आणि वेळ आली तर पक्षी नेता यावेत म्हणून दोन डालगी घरात कायम ठेवावीत, हेही इथे सुचवते.

या पत्राद्वारे दोन्ही जिल्हा परिषदांच्या पशुसंवर्धन विभागांना माझी विनंती आहे, की पुढील वाटपाच्या आधी लाभार्थ्यांना एक दिवस तरी बोलावून दिवा, कडे, जाळी आणि लस या चार गोष्टी प्रत्यक्ष हातात देऊन दाखवाव्यात. त्यासाठी सांगलीकरांना कांचनपूरचे आणि सातारकरांना बोरगावचे कृषी विज्ञान केंद्र जवळ आहे, शिरवळला क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे आणि कोल्हापूरला शासकीय मध्यवर्ती अंडी उबवणी केंद्र आहे. शिकवणाऱ्यांची आपल्या भागात वाण नाही. पिल्लांसोबत प्रत्येक घराला मराठीत छापलेले लसीचे कार्ड द्यावे, त्यावर पुढच्या तारखा आधीच भरलेल्या असाव्यात आणि जवळच्या दवाखान्याचा दूरध्वनी क्रमांक असावा. आणि वस्तीत एकाएकी अनेक पक्षी मरू लागले, तर ते ओढ्यात किंवा कालव्यात न फेकता चुना टाकून खोल पुरावेत व त्याच दिवशी दवाखान्याला कळवावे, ही सूचनाही त्यावर ठळक अक्षरांत असावी. फेब्रुवारी २००६ मध्ये देशातील पहिला बर्ड फ्लू आपल्याच राज्यात, नंदुरबार जिल्ह्यातील नवापुरात निघाला होता, आणि अशा वेळी लवकर कळणे फार महत्त्वाचे असते.

आपल्या दैनिकालाही एक विनंती आहे. तालुकानिहाय लसीकरणाच्या तारखा विभागाकडून मागवून महिन्याच्या पहिल्या आठवड्यात प्रसिद्ध केल्या, तर फलक न वाचणाऱ्या घरांपर्यंतही त्या पोहोचतील. आमच्या वस्तीवरील बचत गटाच्या महिलांनी असा दिवस आपल्या वस्तीवर घेण्याची तयारी दाखवली आहे. पक्षी गोळा करणे, वही लिहिणे आणि बर्फ आणणे ही कामे आम्ही करू. विभागाने लस आणि देखरेखीसाठी एक कर्मचारी द्यावा.

आपली विश्वासू,
एक वाचक,
ता. पलूस, जि. सांगली